सहा वाजताची खुर्ची



गेल्या महिन्यात हे सदर आलं नाही, कारण मी लेकीकडे इंग्लंडला गेले होते. परत आल्यापासून भेटेल तो विचारतोय, "काय काय पाहिलंत?" लंडनचा पूल पाहिला, राजवाडा बाहेरून पाहिला, म्युझियममध्ये पाय दुखेपर्यंत फिरले. पण ते सगळं तुम्ही फोनवरही पाहू शकता. मला सांगायचंय ते एका रविवारच्या संध्याकाळबद्दल. त्या संध्याकाळी मी एका खेड्यातल्या पबमध्ये जवळजवळ तीन तास बसून आले.

हो, पबमध्येच. गुजरात राज्य १९६० साली जन्माला आलं ते दारूबंदीचा कायदा पदरात घेऊनच. त्यानंतर बडोद्यात जन्मलेली, बडोद्यातच शिकलेली आणि माहेर दांडिया बाजारात, सासर फतेहगंजात, एवढाच प्रवास केलेली मी. बार हा प्रकार मी फक्त हिंदी सिनेमात पाहिलेला. तिथे एक झुंबर असतं, एक नाचणारी असते आणि शेवटी बाटल्या फुटतात. त्यामुळे जावई म्हणाले, "आई, रविवारी तुम्हाला पबमध्ये नेतो," तेव्हा मी आधी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ती म्हणाली, "अगं, तिथे कुत्री आणि आज्या असतात. चल."

लेक राहते रेडिंगला. तिथून मोटारीने अर्ध्या तासावर चिल्टर्न नावाच्या टेकड्या आहेत. खडूच्या दगडाच्या टेकड्या या. पाऊस पडला की पाणी खाली झिरपून जातं, वर नदी नाही की ओढा नाही. इंग्लंडसारख्या ओल्या देशातही इथल्या खेड्यांत पूर्वी पाण्याचे हाल असायचे. स्टोक रो नावाच्या गावात आम्ही गाडी लावली आणि समोर पाहते तर चक्क आपल्याकडे असते तशी घुमटाची छत्री! घुमटाखाली सोनेरी हत्ती. ही काशीनरेशांची विहीर. एडवर्ड रीड नावाचे इंग्रज अधिकारी काशीच्या बाजूला नोकरीला होते. ते मूळचे याच भागातले. घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून आपल्याकडे एका पोराला आईने कसं बडवलं, ही हकीकत त्यांनी कधीतरी काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि त्या गावाला विहीर बांधून दिली. ३६८ फूट खोल, म्हणजे दीड कुतुबमिनार जमिनीत उलटा गाडावा इतकी, आणि रुंदी जेमतेम चार फूट. सगळी हाताने खणलेली. १८६४ साली ती गावासाठी खुली झाली. विहिरीच्या देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली होती.

हे मी आधी सांगतेय, कारण पुढचा सगळा वेळ माझ्या डोक्यात पाणवठाच होता. पाणी भरायला आलेल्या बायका नुसत्या पाणी भरत नाहीत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाच्या सुनेचं काय, हे सगळं तिथेच कळतं. नळ घरात आले आणि ते गेलं.

स्टोक रोहून आम्ही पायी निघालो. इंग्लंडमध्ये एक छान सोय आहे. खाजगी शेतातूनही पूर्वापार वहिवाटीच्या पायवाटा असतात आणि त्यांवरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना असतो. शेतमालक रागावत नाही, फक्त फाटक लावून घ्यायचं. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. बीचच्या झाडांची पानं तांब्याच्या भांड्याच्या रंगाची झाली होती. डोक्यावर घारी फिरत होत्या. या जातीच्या घारी इथून नाहीशा झाल्या होत्या. १९८९ नंतर स्पेनमधून आणून त्या पुन्हा वाढवल्या, असं जावयांनी सांगितलं. दोनअडीच मैल चालून पुढच्या गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधारायला लागलं होतं. आदल्याच रात्री देशभरची घड्याळं तासभर मागे घेतली होती.

पब म्हणजे विटांचं आणि गारगोटीच्या दगडांचं बसकं घर. बाहेर खांबाला टांगलेली पाटी, तिच्यावर ओकचं झाड रंगवलेलं. नाव 'रॉयल ओक'. हे नाव सांगून मी गावाचा पत्ता फोडते आहे असं समजू नका, कारण या नावाचे पब त्या देशात शेकड्यांनी आहेत. १६५१ साली लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स शत्रूच्या सैनिकांपासून लपायला एका ओकच्या झाडावर चढून बसला होता. पुढे तो गादीवर आला आणि ते झाड पाट्यांवर. पाट्या आल्या त्याही कायद्यानेच. १३९३ साली, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, बिअर विकणाऱ्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे असा हुकूम निघाला. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्र. लाल सिंह, पांढरा घोडा, मुकुट, नांगर. आपल्याकडे निवडणुकीत असतात ना, तसंच.

'पब' हा शब्द 'पब्लिक हाऊस'चा लघुरूप. सार्वजनिक घर. आत शिरल्यावर मला त्यातला 'घर' हा शब्दच आधी पटला. दार इतकं ठेंगणं की जावयांना वाकावं लागलं. काळ्या पडलेल्या तुळया, भिंतीत मोठी चूल असावी तशी शेकोटी, तिच्यापुढे एक म्हातारं कुत्रं पाय पसरून. कोपऱ्यात दोन मुलं आईबापांबरोबर पत्ते खेळत होती. खिडकीपाशी एक आजी विणत बसली होती आणि तिच्यासमोर चहाची किटली. हो, चहाची! अठरा वर्षांखालच्यांना दारू विकत मिळत नाही, पण पोरंबाळं आईबापांबरोबर येऊन जेवतात. संगीत नाही, टीव्ही नाही. फक्त बोलण्याची गुणगुण.

मी खुर्चीत बसून वेटरची वाट बघू लागले. लेक हसली. पबमध्ये कुणी टेबलाशी येत नाही, आपणच काउंटरपाशी जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. तिथे गर्दी होती, पण रांग नव्हती. म्हणजे मला दिसली नाही. प्रत्यक्षात प्रत्येकाला ठाऊक असतं की आपल्या आधी कोण आलंय, आणि काउंटरमागच्या बाईंनाही ठाऊक असतं. एका गृहस्थाला त्यांनी चुकून आधी विचारलं, तर त्याने लगेच माझ्याकडे हात केला, "आधी या बाई." सेवउसळीच्या गाडीवर ज्याचा आवाज मोठा त्याची प्लेट आधी, अशा शहरातून आलेल्या मला हे नवलच वाटलं.

दुसरा नियम 'राउंड'चा. चौघे बसले असतील तर एकाने उठून चौघांसाठी आणायचं, ते संपलं की दुसऱ्याने. हिशेब कुणी मांडत नाही, पण कोण दर वेळी नेमका फोनवर बोलायला बाहेर जातो हे गावभर माहीत असतं. हा नियम मात्र मला आपल्या कॅन्टीनच्या चहामुळे चांगला ओळखीचा होता.

मी घेतलं एल्डरफ्लॉवरचं सरबत. एल्डर नावाच्या झुडपाच्या पांढऱ्या फुलांचं असतं ते, चव थोडी लिचीसारखी. जोडीला गाजर आणि पार्सनिपचं गरम सूप आणि जाड पावाचा तुकडा. जावयांना गाडी चालवायची होती, त्यांनी बिनअल्कोहोलची बिअर घेतली. लेकीने अर्धा पाइंट खरी घेतली. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, जवळजवळ आपला पाण्याचा छोटा तांब्या. मी दारू का घेत नाही, हे मला त्या तीन तासांत एकानेही विचारलं नाही. हे मी नोंदवून ठेवलं. आपल्याकडे लग्नात आइस्क्रीम नको म्हटलं तरी चार जण कारण विचारतात.

मालकीणबाई पन्नाशीच्या, बाह्या वर केलेल्या, एकाच वेळी तिघांशी बोलणाऱ्या. त्यांना तिथे 'लँडलेडी' म्हणतात, घर त्यांच्या मालकीचं नसलं तरी. गर्दी ओसरली तशी त्या आमच्या टेबलाशी आल्या. मी त्या उंच चिनीमातीच्या दांड्यांबद्दल विचारलं. काउंटरवर तीन होते, आणि पेला भरताना बाई ते हापशासारखे ओढत होत्या. त्यांना विषय मिळाला.

खरी जुनी इंग्रजी बिअर बाटलीतून नाही तर खालच्या तळघरातल्या पिंपातून येते. पिंपात आल्यावरही ती आंबतच असते, म्हणजे ती जिवंत असते. तळघर बारा अंशांच्या आसपास गार ठेवायचं. पिंपात बाहेरून वायू भरत नाहीत, म्हणून ती हाताने ओढून वर आणायची. "आणि एकदा पिंप उघडलं," बाई म्हणाल्या, "की तीन दिवस. फार तर चार. मग ती आंबट होते आणि ओतून द्यावी लागते." नेहमीच्या पिंपात ७२ पाइंट मावतात. म्हणजे तीन दिवसांत ७२ वेळा कुणीतरी दार उघडून आत यायला हवं. लोक आले नाहीत तर बिअर बिघडते, बिअर बिघडली की आहेत ते लोकही येत नाहीत. दह्याच्या विरजणासारखं झालं हे. रोज लावलं तरच टिकतं.

असे पब तिथे भराभर बंद पडतायत. २००० सालाच्या सुमाराला ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटमध्ये स्वस्त बिअर मिळते, ती घरी टीव्हीपुढे प्यायची. पबवर कर, भाडं, विजेचं बिल. खेड्यातली घरं शहरात नोकरी करणाऱ्यांनी घेतली, ते रात्री दमून येतात आणि दार लावून घेतात. वर करोना. पब बंद पडला की बिल्डर त्याचं राहतं घर करतो, पाटी मात्र शोभेला ठेवतो.

'रॉयल ओक'लाही एकदा कुलूप लागलं होतं. तेव्हा गावाने तो विकत घेतला. मला आधी वाटलं, कुणा शेठजीने घेतला असेल. नाही, शेअर काढून. आजीने पेन्शनीतून, शाळामास्तरांनी, पोस्टमनने, शेतकऱ्याने. २०११ च्या एका कायद्याने इंग्लंडमधल्या गावकऱ्यांना अशी सोय करून दिली आहे. गावाच्या उपयोगाची जागा म्हणून पबची नोंद केली असेल आणि मालकाने तो विकायला काढला, तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मिळू शकते. त्याच्याही आधी, २००३ साली, उत्तरेकडच्या कंब्रियामधल्या हेस्केट न्यूमार्केट नावाच्या चिमुकल्या गावाने आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर घेऊन दाखवला होता. अशा संस्थांत बहुधा शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. पाच हजार पौंड घालणाऱ्याला एक, पन्नास घालणाऱ्यालाही एक.

हे ऐकताना मला आपल्या मांडवीच्या लायब्ररीची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयं उभी केली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यातली युक्ती आपण विसरलो. गावाने आधी स्वतः काही रक्कम जमवायची, मग सरकार आणि प्रांत पंचायत त्यात आपापली भर घालणार. महाराजांना फुकट देता आलं नसतं असं नाही. पण ज्यात आपले दोन रुपये असतात तिथेच आपण पुन्हा जातो, हे त्यांना माहीत असावं.

बोलता बोलता सहा वाजत आले. बाई उठल्या, शेकोटीजवळच्या एका खुर्चीवर कुणाचा तरी कोट पडला होता तो त्यांनी उचलून खुंटीला लावला. एक तरुण जोडपं त्या खुर्चीकडे वळलं, त्यांना हसून दुसरीकडे बसवलं. काउंटरवर अर्धा पाइंट भरून ठेवला. आणि दार उघडलं.

ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, हातात टॉर्च आणि काठी. खोलीतल्या आठदहा जणांनी मान वर करून त्यांना नावाने हाक मारली. ते काही न बोलता त्या खुर्चीत बसले. कुत्रं उठून त्यांच्या पायाशी जाऊन पडलं. ही खुर्ची त्यांची. म्हणजे पाटी लावलेली नाही, पण सहा ते साडेसात त्यांचीच.

मी खुर्चीकडे टक लावून पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "बसून बघायचंय का?" मग ओळख झाली. याच बीचच्या जंगलात त्यांचे वडील खुर्च्यांचे पाय कातायचे. झाड तोडून तिथेच झोपडीत बसायचं, पायाने फिरवायच्या चरकावर ओल्या लाकडाचे पाय काढायचे आणि ते गठ्ठ्याने हाय विकमच्या कारखान्यांना पाठवायचे. त्या कारागिरांना 'बॉजर' म्हणत. आता तो धंदा गेला. "या खुर्चीचे पाय माझ्या वडिलांचे असतील किंवा नसतील," आजोबा म्हणाले, "पण नसतील हे कुणी सिद्ध करू शकत नाही."

मी कुठली असं त्यांनी विचारलं. इंडिया म्हटल्यावर "इंडियात कुठे?" मी म्हटलं, बरोडा. इथे बहुतेक वेळा पुढे 'मुंबईपासून सहा तास' असं समजवावं लागतं. आजोबांचे डोळे चमकले. "किरण मोरे!" ते ओरडलेच. "तुमच्या त्या विकेटकीपरला माझा नमस्कार सांगा." १९९० साली लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच ३६ धावांवर असताना मोरेच्या हातून झेल सुटला आणि गूचने पुढे ३३३ केल्या. आजोबा त्या दिवशी मैदानावर होते. मी म्हटलं, "आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही." सगळा पब हसला. पस्तीस वर्षांनी का होईना, त्या सुटलेल्या झेलाचा आपल्याला उपयोग झाला.

आजोबांनी दोन अर्धे पाइंट घेतले. साडेसातला मुलगी न्यायला यायची होती, तोवर ते माझ्या जावयांना १९५९ च्या दौऱ्यातला दत्ताजी गायकवाडांचा भारतीय संघ समजावून सांगत होते. आणि मला निघायच्या आधी मालकीणबाईंनी काउंटरपाशी ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

गेल्या जानेवारीत एका बुधवारी सहा वाजले आणि आजोबा आले नाहीत. सव्वासहा झाले. पाऊस होता, पण पावसाला ते घाबरत नाहीत. साडेसहाला बाईंनी फोन केला, कुणी उचलला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या पोराला पाठवलं. आजोबा स्वयंपाकघरात पडले होते, मांडीचं हाड मोडलेलं, फोन पलीकडच्या खोलीत. दुपारी चारपासून फरशीवर. "रात्रभर राहिले असते तर थंडीनेच गेले असते," बाई म्हणाल्या. "अर्धा तास उशीर, म्हणून आम्हाला कळलं. ते सहालाच येतात ना."

अर्धा तास. मी सरबताचा रिकामा पेला हातात धरून उभी राहिले. मला माझा काका आठवला.

धाकटा काका. आपल्या मंडळाच्या गणपतीत तबला त्याचा असायचा, जुन्या मंडळींना आठवेल. मला सायकल त्याने शिकवली. काकू गेली आणि तो प्यायला लागला. ड्राय स्टेट असलं तरी काळ्या पिशवीतली बाटली घरपोच येते, हे आपल्या शहरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. वाडा विकल्यावर तो नव्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहायला गेला. प्यायचा तो दार लावून, दिवा बंद करून, एकटा. एका गणपतीत तो आरतीला आला तेव्हा त्याला वास येत होता. बायका बाजूला सरल्या. मी त्याला मंडपाबाहेर नेलं आणि म्हटलं, "काका, असा येणार असशील तर येऊ नकोस." तो म्हणाला, "बरं." भांडला नाही. त्यानंतर तो आला नाही, ना गणपतीला, ना वाचनालयात, ना आमच्या घरी. मला वाटलं, लाज वाटली असेल, बरं झालं, सुधारेल. दीड वर्षाने तो गेला. बावन्न वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी कळलं, दारात वर्तमानपत्रं साठली म्हणून.

बावीस वर्षं मी हे स्वतःशी असं सांगत आले की काकाला दारूने नेलं. ते खरंच आहे. त्यात बदल नाही. पण तीन दिवस कुणाला कळलं नाही, ते दारूमुळे नाही. ते आमच्यामुळे. माझ्यामुळे.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते. मी दारूची वकिली करत नाहीये. त्या देशातही दारूने घरं बुडतात, माणसं मरतात, आणि पबात एकटाच कोपऱ्यात बसून जास्त पिणारा माणूस मला त्याही संध्याकाळी दिसला. पण त्याला एका क्षणी मालकीणबाईंनी सांगितलं, "आज एवढंच." नशेत असलेल्या माणसाला आणखी दारू विकणं तिथे गुन्हा आहे. तो कुरकुरला. बाईंनी त्याला सूप दिलं आणि त्याच्या शेजाऱ्याला सांगितलं, "जाताना याला घेऊन जा." त्याला कुणी म्हटलं नाही की उद्या येऊ नकोस. हा फरक मी दोन आठवडे मनात घोळवत होते. माणसाला 'पुरे' म्हणणं वेगळं आणि 'येऊ नकोस' म्हणणं वेगळं. मी काकाला पहिलं म्हणायच्या जागी दुसरं म्हटलं.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी आपल्या मंडळाच्या वाचनालयात गेले. किती वर्षांनी, ते लिहायची लाज वाटते. दर शनिवारी सहा ते आठ ते उघडं असतं, हे या मासिकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं असतं, आणि ते पान मीच तपासते! आत पाच जण होते. पंखा एकच चालू. दिवाळी अंक दोन वर्षांपूर्वीचे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ही खोली भाड्याने देण्याचा विषय आहे, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. भाडं चांगलं येईल, मंडळाला पैशाची गरज आहे, आणि 'कुणी येतच नाही' हेही खरं आहे. गेल्या वर्षी त्या प्रस्तावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होते. या वेळी नसेन. पण नुसता हात खाली ठेवून खोली वाचत नाही, हे आता मला पिंपाच्या हिशेबाने कळलंय.

तेव्हा तरुण मंडळी, तुम्हाला वाचायलाच या असं मी म्हणत नाही. वाचता तुम्ही फोनवर. कॅरम आहे, त्याची पावडर मी आणून ठेवली आहे. चहा मी करते, पुढच्या खेपेला तुम्ही करा; राउंडचा नियम आता तुम्हाला माहीत आहे. मराठी अडखळत येत असेल तरी चालेल, गुजरातीत बोलून वेळ मारून न्या, आम्हीही तेच करतो. आणि येताना कुणाला घेऊन यायचं असेल तर तुमच्या घरातलं किंवा शेजारचं ते माणूस आणा, ज्याला बोलवायला आपण हल्ली कचरतो.

मी आता दर शनिवारी जाते. पाचाचे आम्ही सात झालो आहोत. गेल्या शनिवारी नातेवाईक आले होते म्हणून माझं जाणं राहिलं, कुणाला कळवायचंही सुचलं नाही. साडेसहाला फोन वाजला. वाचनालयातल्या त्या कोपऱ्यात बसणाऱ्या, फारसं कधी न बोलणाऱ्या जोशीकाकांचा.

"ताई, आज दिसला नाहीत. बरं आहे ना?"

बरं आहे, म्हटलं. पुढच्या शनिवारी येते.